पंचनामा झालेले खेकडे

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा पुरावा आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून खाल्ला. कालवण करून, नाचणीच्या भाकरीबरोबर. त्यात माझा वाटा सगळ्यांत मोठा होता, कारण मुंबईहून आलेला मी एकटाच होतो आणि वहिनीने मला दोनदा आग्रह केला होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी गुणसूत्रं, पेशीविभाजन असले शब्द वापरायला लागलो तरी दबून जायचं कारण उरणार नाही.

मी पेशीशास्त्रज्ञ. गाव पोलादपूर तालुक्यातलं. महाबळेश्वरच्या घाटाकडे जाताना मोठा रस्ता सोडून चढायला लागलं की आमची वाडी. तेव्हा जिल्हा कुलाबा होता आणि मुंबईहून यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून धरमतरपर्यंत लाँच, पुढे महाडपर्यंत एसटी, महाडहून पोलादपूर, आणि उरलेलं पायी. एवढं करून घरी पोचलो की पहिला प्रश्न ठरलेला असे. मुंबईत नक्की काय करतोस? मी म्हणे, खेकड्याच्या आत बघतो. त्यावर माणसं मला वरपासून खालपर्यंत बघून घेत. खेकड्याच्या आत काय असतं ते आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. त्यासाठी एम.एस्सी. कशाला व्हावं लागतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येई.

तर आत काय बघायचं ते सांगतो. प्रत्येक जिवाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीत काही बारीक धागे असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. निम्मी बापाकडून आलेली, निम्मी आईकडून. माणसाची अमुक, कांद्याची तमुक, अशी प्रत्येक जातीची संख्या साधारण ठरलेली असते. एरवी हे धागे गुंतवळीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. पेशी दुभंगायला निघाली की तेवढ्यापुरते आखडून सुटे होतात. आमचा सगळा धंदा त्या घटकेला पेशीला पकडण्याचा. नराच्या वृषणात ही दुभंगण्याची धांदल भरपूर चाललेली असते, पण ऋतू असेल तरच. खेकड्याचा ऋतू पावसाळा. तेवढे आठवडे हुकले की पुढच्या वर्षापर्यंत माशा मारायच्या.

शहाणी माणसं या कामासाठी नाकतोडा घेत. त्याची गुणसूत्रं थोडी आणि चांगली ठसठशीत. मी खेकडा घेतला, कारण तो घरी फुकट मिळत होता आणि माझा थोरला भाऊ, दादा, तो पकडण्यात पटाईत होता. दगड उलथून मागून कवच धरायचं, ही कला दादाची. मी धरायला गेलो की खेकडा मला धरी. खेकड्याची गुणसूत्रं शंभराच्या आसपास, आणि एकेक इतकं बारीक की मूठभर वरीचे दाणे अंगणात उधळावेत आणि कुणी म्हणावं, आता माळ्याच्या झरोक्यातून मोजा.

मोजण्याची रीत अशी. वृषणाचा तुकडा स्पिरिट आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायचा, म्हणजे पेशी होत्या तशा थिजतात. मग त्यातला कणभर काचेवर घेऊन लाल रंगात भिजवायचा, वर दुसरी पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. हलकं दाबलं तर सगळा ढीग एकावर एक. जोरात दाबलं तर एका पेशीचे दाणे शेजारणीच्या घरात. महागड्या सूक्ष्मदर्शकांच्या या विद्येत शेवटी सगळं अंगठ्यावर येऊन ठेपतं. माझे मार्गदर्शक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू, एकदा म्हणाले होते की तुझा अंगठा उतावळा आहे. उतावळेपणा अंगठ्यापुरताच नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

आता या धंद्यातली पत कशी ठरते तेही सांगायला हवं. तुम्ही काही शोधलंत, ते मासिकात छापून आलं. एवढ्याने काही होत नाही. तुमच्यानंतर काम करणाऱ्या कुणीतरी आपल्या निबंधात तुमचं नाव घालून म्हटलं पाहिजे की, अमक्याने असं दाखवलं आहे. हा दाखला. जितके दाखले, तितकी पत. लग्नाच्या बैठकीत एखाद्याचं नाव किती जणांच्या तोंडी येतं यावरून त्याचं वजन कळतं, तसंच. फरक एवढाच की बैठकीत नाव कोणत्या सुरात घेतलं हेही ऐकू येतं. छापील दाखल्याला सूर नसतो. हे पुढे कामाला येणार आहे.

त्या पहिल्या पावसाळ्यात मी पडवीत बसून खेकडे उघडत होतो. दादा ओढ्यावरून टोपली आणी, मी नर निवडून त्यांचं कवच उचले, पांढुरके वृषण काढून छोट्या बाटलीत टाके, आणि उरलेला सगळा खेकडा मागच्या दाराने वहिनीकडे जाई. उरलेला म्हणजे जवळजवळ सबंधच. मला लागणारा भाग तिच्या लेखी घाणच होता, त्यामुळे आमची वाटणी बिनतक्रार चालली होती.

इथे चूक झाली. सरांनी मला निघताना बजावलं होतं की ज्या खेकड्यातून वृषण काढशील, तो खेकडा चिठ्ठी बांधून स्पिरिटमध्ये ठेव. कारण घाटातल्या खेकड्यांच्या जाती वरून सारख्याच दिसतात. जात ओळखायची खूण असते नराच्या पोटाखालच्या झाकणाआड: काडीसारखे दोन बारीक अवयव, त्यांच्या आकारावरून जात ठरते. आणि खेकडा साफ करताना आमच्याकडे पहिली गोष्ट काय करतात, तर ते झाकण उपटून कोंबड्यांना टाकतात. मग डेंगे, म्हणजे पुढच्या जाड नांग्या, फोडायचे, बारीक पाय पाट्यावर वाटून त्याचा रस गाळायचा. म्हणजे खूण कोंबड्यांच्या पोटात आणि बाकीचं आमच्या.

मला आठवण झाली नाही असं नाही. पण पहिल्याच दिवशी वहिनीच्या माहेरची माणसं वरंधहून आलेली. पाहुणे ओटीवर बसलेत, पाट्याचा आवाज त्यांच्या कानांवर पडतोय, आणि घरचा शिकलेला दीर खेकडे बाटलीत भरून बूच लावतोय, हे कसं दिसलं असतं? शिवाय मी स्वतःला समजावलं, ओढा एक, खेकडा एक. जात बदलायला तो काय जातपंचायतीत गेला आहे? दुसऱ्या दिवशी हाच युक्तिवाद पाहुण्यांशिवायही लागू पडला. तिसऱ्या दिवसापासून मी युक्तिवाद करायचं सोडून दिलं.

मुंबईला परत येऊन काचा तयार केल्या, महिनोन् महिने मोजलं, आणि आकडे जुळेनात. काही नरांत गुणसूत्रं एका ठरावीक संख्येची, काहींत त्याहून चांगली पाच-सहा कमी. पुन्हा मोजलं. तेच. एकाच ओढ्यातल्या एकाच जातीत दोन संख्या! म्हणजे जात दुभंगण्याच्या वाटेवर आहे, उत्क्रांती आमच्या वाडीखालच्या ओढ्यात चालू आहे आणि तिची खबर मला एकट्याला. मी निबंध लिहिला. नमुन्यांच्या रकान्यात "लेखकाच्या संग्रहात" असं लिहिलं. हे अगदीच खोटं नव्हतं, काही काळ ते लेखकाच्या आत होतेच. निबंध छापून आला. सरांना मी त्याविषयी एवढंच सांगितलं होतं की नमुने व्यवस्थित आहेत, आणि त्यांनी विश्वास ठेवला होता.

मग पोस्टकार्डं यायला लागली. त्या काळी झेरॉक्स नव्हतं. ज्याला तुमचा निबंध हवा तो कार्ड टाकून छापील प्रत मागे. कुठकुठली तिकिटं! शिपाई ती कार्डं माझ्या टेबलावर ठेवण्याआधी सगळ्या विभागाला दाखवून येई. आणि एका सकाळी एका जर्मन मासिकाच्या अंकात मला माझं नाव छापलेलं सापडलं. माझा पहिला दाखला. मला जर्मन येत नव्हतं, पण नाव ते नाव. मी खाली उतरलो, पेढे आणले आणि विभागभर वाटले. दुपारी जर्मन शिकवणाऱ्या बाई पेढा खाता खाता ते वाक्य वाचायला बसल्या. वाचून झाल्यावर त्यांनी उरलेला अर्धा पेढा बशीत ठेवला. वाक्याचा अर्थ असा होता की, नमुने कुणालाही दाखवले गेलेले नसल्यामुळे हा दावा तूर्त बाजूला ठेवावा हे उत्तम.

त्याच सुमारास जपानातल्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. ते आयुष्यभर खेकडेच करत आलेले. पत्र अतिशय गोड. निबंध वाचून आनंद झाला, आपल्या संग्रहातला प्रत्येक संख्येचा एकेक नर मिळाल्यास उपकार होतील. मी उत्तर पाठवलं की हंगाम संपला आहे. त्यांनी लिहिलं, हंगाम संपला तरी संग्रहातले चालतील. मी टपालाच्या अडचणी कळवल्या. त्यांनी टपालखर्च पाठवायची तयारी दाखवली. इतक्या सभ्य माणसाला टाळणं फार अवघड जातं. शेवटी त्यांनी सरांना लिहिलं.

सरांनी मला खोलीत बोलावलं. नमुने कुठे आहेत, असं साधंच विचारलं. मी म्हटलं, नाहीत. त्यांना वाटलं हरवले. मी म्हटलं, "हरवले नाहीत सर. खाल्ले."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळे?"

"सगळे."

"मग तुझ्या प्रबंधावर मी सही कशाच्या जोरावर करू? तुझ्या ढेकरेच्या?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसताच चष्मा उचलून पुसायला घेतला. पीएच.डी.चा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता आणि त्याचा कणा म्हणजे हाच निबंध. कॉलेजात व्याख्यात्याची जागा दिवाळीनंतर भरायची होती. प्रबंध दाखल नसेल तर ती दुसऱ्या कुणाला जाणार हे उघड होतं. सरांनी सांगितलं, हा पावसाळा आहे. तेच खेकडे, त्याच ओढ्यातून, सबंध, चिठ्ठीसकट. आणले तर सही. नाही तर मी निबंध मागे घेतो असं मासिकाला कळवायचं, आणि प्रबंध नव्याने सुरू करायचा, दुसऱ्या कुठल्यातरी प्राण्यावर. "शक्यतो जो तुमच्याकडे खात नाहीत," असं ते दारापर्यंत आल्यावर म्हणाले.

मी स्पिरिटच्या दोन मोठ्या बाटल्या धोतरात गुंडाळून पिशवीत भरल्या आणि निघालो. प्रयोगशाळेला स्पिरिट वापरायचा परवाना होता. ते बाहेर न्यायचं तर वेगळी चिठ्ठी लागते हे मला भांडारातल्या माणसाने सांगितलं होतं. लाँच चुकेल म्हणून मी ती घ्यायला थांबलो नाही. तेव्हा मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती, हे मी विसरलो नव्हतो. दारूबंदी दारूला लागू असते, शास्त्राला नाही, अशी माझी समजूत होती.

महाडला एसटीतून उतरलो तर नाक्यावर झडती चाललेली. कुणाच्या तरी मागावर होते. हवालदार माझ्याहून दुप्पट वयाचे, घाटावरचे, मिशीतून बोलणारे. त्यांनी धोतर सोडलं, बूच काढलं, वास घेतला आणि डोळे मिटले.

"काय आहे हे?"

मी सांगितलं, स्पिरिट, खेकडे ठेवायला.

"खेकडे पाण्यात राहतात."

"मेल्यावर ठेवायला."

"मेल्यावर खातात," हवालदार म्हणाले. या बाबतीत त्यांचं आणि आमच्या घराण्याचं मत एकच होतं.

मी गुणसूत्रांपासून सुरुवात केली. नाक्यावरच्या चौकीत बाकावर बसवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. माझ्या अंगठ्यापासून जपानपर्यंत. मधून मधून चहावाला येऊन उभा राही आणि शेजारच्या किराणा दुकानाचे मालक कट्ट्यावरून मान लांबवत. ऐकून झाल्यावर हवालदार म्हणाले की आजवर या ठिकाणी बाटलीची बरीच कारणं ऐकली. कुणी पोट दुखतं म्हणतो, कुणी बैलाला चोळायची म्हणतो. इतकं लांबलचक कारण मात्र प्रथमच ऐकलं, आणि लांबीमुळेच ते थोडं खरं वाटतंय. पण परवाना नाही तो नाहीच. बाटल्या इथे राहतील. मुंबईहून परवाना मागव, नाही तर तू म्हणतोस ते खेकडे घेऊन ये आणि माझ्यासमोर त्यात घाल. खेकडा बुडालेली बाटली कुणी पिणार नाही एवढं मला कळतं.

परवान्याचं पत्र जाऊन उत्तर यायचं म्हणजे हंगाम संपला. खेकडे जवळ होते. मी पोलादपूरची गाडी पकडली.

घरी मी नियम जाहीर केला: या खेपेला एकही नर शिजणार नाही. वहिनी चुलीपुढे होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. "डेंगेवाले समदे तुम्ही नेनार, नि आम्ही काय मावशीच्या गावाला जेवायला जायचं?" मी तिला समजावलं की प्रश्न माझ्या नोकरीचा आहे. ती म्हणाली, "भावजी, नोकरी मिळाल्यावर मानसं खेकडं खातात. तुम्ही नोकरीसाठी सोडताय, ही कसली नोकरी?" दादाने मध्यस्थी केली. माद्या आणि पिल्लं ओढ्यातच सोडायची, नर माझे, आणि घरात कुणी नाव काढायचं नाही. तो सबंध मुक्काम आम्ही टाकळ्याची भाजी खाल्ली. कोपऱ्यात ओल्या पानांनी झाकलेल्या टोपलीत खेकडे कुरकुरत होते, आणि जेवताना सगळ्यांची तोंडं त्या कोपऱ्याकडे असत. दादाने मात्र मन लावून काम केलं. कुठला नर कुठल्या दगडाखाली मिळाला ते तो मला दाखवून देई आणि मी त्याच्या पाठीवर पक्क्या शाईने खूण करी. वाडीतली माणसं येऊन उभी राहत. एकाने दादाला हळूच विचारलं की तुझा भाऊ खेकड्यांना गोंदवतो कशाला.

टोपली घेऊन मी महाडला परतलो. पावसाची झड होती आणि कंडक्टरने टोपली आत घ्यायला नकार दिल्यामुळे मी ती मांडीवर घेऊन पायरीशी बसलो होतो, आणि वाटभर मला एकच भीती, की हवालदारांची बदली झाली असेल. झाली नव्हती. चौकीत त्यांनी टेबल रिकामं करून दिलं. पंच म्हणून चहावाला आणि दुकानाचे मालक यांना बोलावलं, कारण ज्या मुद्देमालाची विल्हेवाट लावायची ती पंचांसमक्षच लावायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दारात गर्दी जमली. आयुष्यात मी पुढे बऱ्याच परिषदांमध्ये भाषणं दिली, पण इतका एकाग्र श्रोतृवर्ग पुन्हा लाभला नाही.

मी पहिला नर घेतला. वृषण काढून थिजवायच्या मिश्रणात टाकलं, खेकड्याला चिठ्ठी बांधली. बाटलीत घालण्याआधी पोटाखालचं झाकण उचलून भिंगातून बघितलं. जे गेल्या वेळी कोंबड्यांना टाकलं होतं ते. काडीसारखे दोन अवयव, सरळ, टोकाला निमुळते. हवालदारांनी लिहिलं: खेकडा नग एक, नर, अमुक वाडीच्या ओढ्यातला, पुलाच्या वरच्या अंगाचा. दुसरा घेतला. सरळ. तिसरा घेतला, झाकण उचललं आणि माझा हात तिथेच थांबला.

काड्या जाड होत्या आणि टोकाला बाहेर वळलेल्या.

चौथा सरळ. पाचवा वळलेला. यात अंगठ्याचा दोष नव्हता, डोळ्यांचा नव्हता. ओढा एकच होता आणि खेकडे दोन जातींचे होते. एका जातीची गुणसूत्रं जास्त, दुसरीची कमी, दोन्ही आपापल्या जागी व्यवस्थित, आणि उत्क्रांतीचा यात काडीचाही संबंध नाही. मी जगाला जे सांगितलं होतं ते सगळं चूक होतं. जो पुरावा गोळा करायला आलो होतो तो माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता, तोही चौकीत, पंचांसमक्ष. मी भिंग खाली ठेवलं आणि बाकावर बसलो.

हवालदार लिहिता लिहिता थांबले. "काय झालं? माल खराब निघाला?"

"माल चांगला आहे," मी म्हटलं. "पण दोन प्रकारचा आहे."

"मग दोन प्रकार लिहू," ते म्हणाले. "त्यात बसायचं काय?"

त्यांना खेकड्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. जे टेबलावर आहे ते लिहायचं, एवढाच त्यांचा व्यवहार. पण मला त्या क्षणी दुसरं काही सुचण्यासारखंही नव्हतं. मी उठलो आणि पुढचा खेकडा घेतला. सगळे नर दोन बाटल्यांत वाटून भरले, सरळ काड्यांचे एकीत, वळलेल्यांचे दुसरीत. दोन्हींवर लाख वितळवून मोहोर केली. पंचांनी सह्या केल्या. दुकानाच्या मालकांनी सही करण्याआधी दोन्ही बाटल्या उजेडात धरून खात्री करून घेतली. हवालदारांनी पंचनाम्याची नक्कल मला दिली आणि बाटल्याही दिल्या. जाताना एवढं म्हणाले की पुढल्या खेपेला चिठ्ठी घेऊन ये, दर वेळी मी नसेन.

मुंबईला काचा तयार करून मोजल्या तेव्हा शंका उरली नाही. सरळ काड्यांच्या प्रत्येक नरात मोठी संख्या, वळलेल्यांत लहान. कलकत्त्याला खेकड्यांच्या जातींचे जाणकार एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे प्रत्येकी काही नमुने पाठवले. त्यांचं उत्तर आलं: दोन जाती आहेत, याबद्दल दुमत होण्याचं कारण नाही, आणि नमुन्यांसोबत ठिकाण, साक्षीदार व सह्या असलेला असा दस्तऐवज आपल्या सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिला.

सरांसमोर मी दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि सांगितलं की माझा निबंध चुकलेला आहे. प्रबंधाचा कणा गेला, आता सही मागायला तोंड नाही. सरांनी पंचनामा शेवटपर्यंत वाचला. मधे एकदा हसू दाबलं असावं. मग म्हणाले, "सही मी खेकड्यांसाठी मागितली होती, तुझ्या मतासाठी नाही. ते बदलून लिही. दिवाळीला अजून वेळ आहे." मी दोन प्रकरणं फाडली आणि नव्याने लिहिली. कशी लिहिली ते माझ्या बोटांना ठाऊक. प्रबंध वेळेत गेला, आणि जागा मिळाली.

पहिल्या निबंधाच्याच मासिकात मी दुसरा निबंध दिला: आधीचा दावा चूक होता, ओढ्यात दोन जाती आहेत, त्या अशा ओळखाव्यात. नमुने आधी का ठेवले नव्हते त्याचं कारण संपादकांनी कापलं. जपानच्या प्राध्यापकांना मात्र मी ते सविस्तर कळवलं, पाहुण्यांसकट, आणि सोबत दोन्ही जातींचे नर पाठवले. त्यांनी उलट लिहिलं की त्यांच्या तरुणपणी एक दुर्मीळ खेकडा त्यांच्या सासूबाईंनी सूपमध्ये घातला होता. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आमचा पत्रव्यवहार पुढे ते जाईपर्यंत चालला.

साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या एका ग्रंथालयात एक नवलाचं पुस्तक आलं. विटेएवढं जाड, बारीक टाइपाचं, आणि त्यात फक्त एवढंच: कुणाच्या कामाचा दाखला कुणी दिला. सगळ्या विज्ञानाची चहाडी एका ठिकाणी. आम्ही प्राध्यापक मंडळी दुसऱ्याचं नाव शोधतोय असं दाखवत आपापलं नाव शोधू लागलो. माझंही सापडलं. दुसऱ्या, खऱ्या निबंधाखाली दोन ओळी: एक जपानचे प्राध्यापक, दुसरा मी स्वतः. पहिल्या, चुकीच्या निबंधाखाली भली लांब रांग. काही जण त्याला चूक म्हणायला आलेले, काही जण अजूनही खरं मानून पुढे गेलेले, आणि काहींनी तो वाचलाच नसावा, एकमेकांवरून उतरवून घेतला असावा. मघाशी म्हटलं तसं, छापील दाखल्याला सूर नसतो. कुणी मोजायला बसला तर त्याला मी पहिल्या निबंधामुळेच मोठा वाटेन. माझ्या बढतीच्या वेळी मोजणाऱ्यांना तसा वाटलोही, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

याची चुटपुट आहे. पण ती फार टिकत नाही, त्याला कारण आहे. महाडला कॉलेज निघाल्यावर मी पावसाळ्यात तिथे जाऊन प्रात्यक्षिकं घेत असे. बिरवाडीची, वरंधची, वरच्या वाड्यांतली मुलं-मुली. ओढ्यावर नेलं की आधी सगळ्यांचा एकच गलका, कालवणाचा. मी म्हणे, खा, पण आधी झाकण उचला. आणि ती उचलत. चिखलात उकिडवी बसून, भिंग डोळ्याला लावून, एकमेकांच्या हातातला खेकडा ओढत वाद घालत: हा सरळवाला, नाय गो, वळलेला हाय, नीट बघ. त्यांतली एक मुलगी पुढे पेशीशास्त्राकडेच आली आणि तिने सावित्री नदीच्या दुसऱ्या अंगाच्या ओढ्यात तिसरा प्रकार शोधला. तिच्या निबंधात माझा दुसरा निबंध पहिल्याच परिच्छेदात आहे. पहिल्याचा उल्लेखही नाही. मी तिला शब्दानेही सुचवलं नव्हतं. जाड पुस्तकात ही एक ओळच भरेल. माझ्या हिशेबी बाकी रांग एकीकडे आणि ती ओळ एकीकडे.

ते पुस्तक बघून आल्यानंतर गणपतीला घरी गेलो होतो. ओटीवर दादा, वहिनी आणि मी बसलो होतो. दाखला म्हणजे काय, रांग कशाला म्हणतात, देशोदेशीची माणसं माझं नाव कसं छापतात, हे मी त्यांना सांगितलं. थोडं फुगवून सांगितलं असेल. दादा खूश झाला. वहिनी वाती वळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे भावजी, परदेशात लोक तुमचं नाव घेतात ते तुम्ही चुकलात म्हनून?"

मी म्हटलं, बहुतेक जण तसंच.

"मग त्याला येवढं जाडं बुक कशाला पायजे?" ती म्हणाली. "वाडीत तेच नाव तशासाठीच घेतात, नि कोन लिहून ठेवीत नाय."